तेल आणि हात

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, एक छोटासा वाद नोंदवलेला आहे. विषय आहे गरोदरपणाचा सातवा महिना. या महिन्यात पोटातल्या गर्भाला केस फुटू लागतात आणि त्यामुळे आईच्या अंगाची आग होते, हे बायकांचं म्हणणं ग्रंथ आधी सांगतो. मग भगवान आत्रेयांचा निर्वाळा येतो: तसं नव्हे. वाढत्या गर्भाच्या दाबाने वात, पित्त आणि कफ छातीकडे सरकतात, तिथे जळजळ होते, जळजळीपाठोपाठ खाज सुटते आणि खाजेतून किक्किस उद्भवतं. किक्किस म्हणजे गर्भिणीच्या पोटावर आणि स्तनांवर कातडी तडकल्यासारख्या उमटणाऱ्या रेघा. आज आपण ज्यांना स्ट्रेच मार्क्स म्हणतो, त्या.

पुढे उपाय दिले आहेत. बोराच्या काढ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेलं लोणी थोडं थोडं खायला द्यावं. चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप पोटाला, स्तनांना चोळावा. कडुनिंब, बोर, तुळस आणि मंजिष्ठा यांचा कल्क लावावा, नाही तर कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेलं तेल. आणि शेवटी ताकीद: कितीही खाज सुटली तरी खाजवू नये, कातडी फाटून रूप बिघडतं, अगदीच सोसवेना तर वरून दाबावं, हलक्या हाताने चोळावं.

हा उतारा वाचताना मला जवळचं वाटतं ते त्यातलं बायकांचं बोलणं. ते खोडायचंच होतं, तरी आधी लिहून ठेवलं गेलं. आणि ते बोलणं अजून चालू आहे. आमच्या साताऱ्याकडे आजही गरोदर बाईने छातीत जळजळतं म्हटलं की कुणीतरी ठरलेलं वाक्य बोलतं, “मग बाळाला जावळ दाट असणार बघ.” अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २००६ साली ६४ गरोदर स्त्रियांवर हीच समजूत तपासून पाहिली. ती खोटी ठरेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण जिची जळजळ जास्त, तिच्या बाळाचे केस जास्त, असाच कल दिसला. ज्या हॉर्मोन्समुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडते, त्यांचाच गर्भाच्या केसांच्या वाढीशी संबंध असावा, असा त्यांचा अंदाज. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण स्वयंपाकघरात, माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत बायका एकमेकींना जे सांगत आल्या, त्यात पाहिलेलं, अनुभवलेलं काहीतरी असतं, एवढं मला त्यातून पटतं. कातडीच्या बदलांबद्दलचं ते सांगणं आता तुटत चाललं आहे. मला त्याचीच काळजी वाटते.

माझं डोहाळजेवण सातव्या महिन्यातच झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, वाट्यांखाली झाकलेले पेढा आणि बर्फी, गाणी, फोटो. काय खावंसं वाटतं हे प्रत्येकीने विचारलं. रात्ररात्र पोट खाजतं, बेंबीच्या खाली गडद रेघा उमटू लागल्यात, हे सांगण्याची जागा त्या समारंभात नव्हती. ओटी भरून झाल्यावर एका काकूंनी मला आत बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “खाजवू नकोस हं पोटाला. वण राहतात.” एवढंच. बाहेर पुन्हा गाणी सुरू झाली होती.

काकूंचा सल्ला अर्धा खरा होता. खाजवल्याने या रेघा पडत नाहीत. त्या खालून येतात. पण ताणलेली, कोरडी कातडी नखांनी ओरबाडली जाते, आणि पोटावर आधीच बरंच काही घडत असताना त्यात भर कशाला? खाजेबद्दल दोन गोष्टी मात्र कुणीतरी सांगायलाच हव्यात. शेवटच्या आठवड्यांत, बहुतेक करून पहिलटकरणींना, याच रेघांवर लाल पुरळ उठू शकतं; ते बेंबीभोवतीची जागा सोडून पसरतं, फार छळतं आणि बाळंतपणानंतर जातं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंगावर पुरळ काहीच नाही, पण तळहात आणि तळपाय खाजताहेत, रात्री जास्त, तर ते कातडीचं दुखणं नसून यकृताचं असू शकतं. तेव्हा तेल लावत न बसता डॉक्टरांकडे जावं आणि रक्त तपासावं. त्याचा संबंध बाळाच्या जिवाशी असतो.

रेघा पडतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मला पुष्कळ नंतर, वाचून कळलं. कातडीचा वरचा पातळ थर फाटत नाही. म्हणून रक्त येत नाही, जखम उघडी पडत नाही. बदल होतो तो खालच्या जाड थरात. तिथे कोलॅजनच्या जुड्या असतात, त्या कातडीला बळकटी देतात. आणि इलॅस्टिनचे तंतू असतात, ते ताणलेली कातडी पुन्हा जागेवर आणतात. जुनं लुगडं ताणलं की काही ठिकाणी वीण विरते, धागे बाजूला सरतात, पण कापड अखंड राहतं. तसंच इथे होतं. विरलेल्या जागेतून खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात, म्हणून सुरुवातीला रेघ लालसर, जांभळी आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळपट तपकिरी दिसते. महिने जातात, वाहिन्या आक्रसतात, रेघ फिकी होत जाते आणि हाताला किंचित खोलगट, रेशमासारखी मऊ लागते. ती रेघ म्हणजे शरीराने आतून केलेली दुरुस्ती असते.

नुसत्या ताणाने हे होत असतं, तर सारख्या आकाराच्या पोटांवर सारख्या रेघा दिसल्या असत्या. तसं होत नाही. गरोदरपणातली हॉर्मोन्स आणि वाढलेलं कॉर्टिसोल कातडीतल्या तंतूंची पकड सैल करतात. शिवाय वारसा असतो. २०१३ साली हजारो लोकांच्या जनुकांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रेघा पडण्याचा संबंध इलॅस्टिनच्या जनुकाजवळच्या भागाशी आढळला. म्हणजे एखादीने नऊ महिने न चुकता क्रीम लावलं आणि तरी रेघा आल्या, तर तिचं काही चुकलेलं नसतं. आणि दुसरीच्या पोटावर एकही रेघ नसली, तर ती जास्त शहाणी किंवा जास्त मेहनती असते असंही नाही. तिच्या आईचं आणि आजीचं पोट पाहिलं, तर कदाचित उत्तर मिळेल.

माझ्या आजीच्या पोटावर खूप रेघा होत्या. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना चोळी आणि लुगडं यांच्यामधल्या तिच्या पोटावर माझा हात असायचा. त्या मऊ, चंदेरी रेघा बोटांना ओळखीच्या होत्या. म्हाताऱ्या बाईचं पोट असंच असतं, असं मी धरून चालले होते. आजीचं पहिलं बाळंतपण सोळाव्या वर्षी झालं. वयाचा आणि रेघांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे: पहिलटकरीण जितकी कोवळी, तितक्या रेघा पडण्याची शक्यता जास्त आणि त्या ठळकही जास्त. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. ते १८ व्हायला १९७८ उजाडलं. आजीचं लग्न कायद्याच्या हिशेबात बसत होतं. हे वाचल्यापासून आजीचं पोट मला वेगळं आठवतं. त्यावर मातृत्व लिहिलेलं होतं असं म्हणायला मला आवडतं, पण तेवढंच म्हणून मी थांबू शकत नाही. वाढ पुरी न झालेल्या एका मुलीच्या अंगावर पडलेला भारही तिथे लिहिलेला होता. रेघांचा गौरव करताना ही गोष्ट विसरली जाऊ नये.

बाळंतपणानंतर पहिल्यांदा न्हाणीघरात उभी राहिले, तेव्हा मला धक्का बसला तो रेघांचा नव्हे. बाळ बाहेर आलं तरी पोट राहतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सैल, रिकामं, हात लावला की हलणारं, गडद पट्ट्यांनी भरलेलं. ते माझं आहे हे मन मानायला तयार नव्हतं. बेंबीपासून खाली जाणारी काळी रेघ अजून तशीच होती. चेहऱ्यावर, गालाच्या हाडांवर वांग उठला होता. आरशात पाहावं तर नवं काहीतरी सापडायचं, आणि प्रत्येक नवी गोष्ट एखाद्या उण्यासारखी मनात साठत जायची.

मग मालिशवाल्या मावशी आल्या. खोलीत शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला, धुराने डोळे चुरचुरत होते. मावशींनी खोबरेल कोमट केलं, मला पाटावर बसवलं आणि पोटावर हात ठेवला. मी आक्रसले. त्या क्षणभर थांबल्या, रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “लाजतीस व्हय? आगं, मी गावातल्या समद्या बायांची पोटं बघितल्यात. मामलेदारणीचंबी असंच आन् धुणंवालीचंबी असंच. ह्ये काय जायचं न्हाई. पन दुखायचंबी न्हाई.” मग जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोट घट्ट बांधून दिलं.

त्या वाक्यांनी जे केलं, ते कुठल्याच बाटलीने केलं नव्हतं. मावशींनी मला खोटी आशा दाखवली नाही. रेघा जातील असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त मला इतर बायकांच्या रांगेत नेऊन बसवलं. माझं पोट म्हणजे माझ्यापुरती एखादी फजिती नव्हती. ते गावातल्या सगळ्या पोटांपैकी एक होतं. हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, कारण त्यांनी खरोखरच ती सगळी पोटं पाहिली होती.

तेलाबद्दल पुढे मी शोधून वाचलं. गरोदरपणात पोटाला क्रीम, तेल किंवा लोशन लावल्याने रेघा टळतात का, यावर २०१२ साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा प्रसिद्ध झाला. एकूण ८०० स्त्रियांवरचे सहा प्रयोग त्यात तपासले होते. निष्कर्ष सरळ होता: अशा कोणत्याही लेपाने रेघा टळतात, असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. दुकानातली महागडी बाटली असो वा साधं तेल, फरक दिसला नाही.

मग आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हे तेल कशासाठी लावलं गेलं? मला वाटतं, ते रेघांसाठी नव्हतंच. तेलाने कोरडेपणा जातो, खाज निवते, झोप लागते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेल लावायला हात लागतो. दुसऱ्या बाईचा हात बदललेल्या अंगावरून फिरतो, आणि तो बिचकत नाही. रोज तो हात फिरत राहिला की आपलाही हात तिथे जाऊ लागतो. नव्या कातडीची ओळख अशी होते: डोळ्यांनी उशिरा, हाताने आधी. तेल त्या ओळखीचं निमित्त होतं. आज बाटली घराघरांत पोचली आहे, पण तिच्याबरोबर येणारा हात आणि ते बोलणं मागे राहिलं. एकटी बाई दार लावून आरशासमोर क्रीम लावते आणि रोज मोजते की काही कमी झालं का. ज्या गोष्टीने धीर यायचा, तीच आता परीक्षा झाली आहे.

कवींनीही इथे काही पाहिलं आणि काही सोडलं. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाने गर्भवती सुदक्षिणेचं वर्णन केलं आहे. तिच्या स्तनांची टोकं काळवंडली हे त्याने पाहिलं, आणि भुंगे बसलेल्या कमळकळ्यांनाही त्यांनी मागे टाकलं असं तो म्हणतो. सुश्रुतानेही गर्भवतीच्या खुणांत हा काळेपणा आणि पोटावर उमटणारी रोमराजी नोंदवली आहे. म्हणजे गरोदरपणात कातडीचा रंग गडद होतो, ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. तिच्यात सौंदर्यही दिसलं होतं. स्त्रीच्या पोटावरच्या तीन वळ्या तर संस्कृत काव्यात सौंदर्याची खूण म्हणून कितीदा येतात. या रेघांची नोंद मात्र वैद्याच्या ग्रंथात झाली. त्यांच्या वाट्याला लेप आले, उपमा आल्या नाहीत.

आणि आता तर आपण एकमेकींची पोटंच पाहत नाही. नदीवर, विहिरीवर अंघोळी होत तेव्हा बायकांना बायकांची अंगं दिसत. तरुण, म्हातारी, बाळंत झालेली, आजारातून उठलेली. प्रत्येक मुलीच्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वयं उघडी असत. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. घरात नळ आणि दाराला कडी असणं ही बायकांसाठी मोठीच सोय झाली. पण त्यामुळे आज मुलीला दिसणारी परकी अंगं उरतात ती फक्त फोनच्या पडद्यावरची, आणि तिथली कातडी फोटो घेतल्यावर सपाट केलेली असते. तिने कधीच रेघा असलेलं पोट पाहिलेलं नसतं. मग स्वतःच्या अंगावर त्या दिसल्या की आपल्यालाच काहीतरी झालंय, असं तिला वाटणारच.

मुलग्यांची गोष्ट तर कुणी बोलतही नाही. माझा मुलगा पंधराव्या वर्षी झपाट्याने उंच झाला. त्याच सुमाराला त्याने पोहायला जाणं बंद केलं. उन्हाळ्यातही घरात अंगात शर्ट. कारण सांगेना. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला पाटावर बसवलं. “आई, मी लावतो तेल,” असं तो म्हणत होता, पण अभ्यंगस्नानाचं तेल आईनेच लावायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पाठीवरून हात खाली आला आणि कमरेच्या वर मला आडव्या रेघा लागल्या, एकाखाली एक, जांभळट. तो ताठ झाला. “तलावावर सरांनी विचारलं,” तो हळूच म्हणाला, “घरी कुणी मारतं का म्हणून.”

सरांचा प्रश्न काळजीपोटी होता. भराभर वाढणाऱ्या मुलग्यांच्या पाठीवर अशा आडव्या रेघा पडतात आणि त्या माराच्या वळांसारख्या दिसतात, हे डॉक्टरांनीही नोंदवून ठेवलं आहे. पण माझ्या मुलाला हे माहीत नव्हतं, आणि इतके महिने तो एकट्याने त्या रेघा वागवत होता. मी तेल लावत राहिले आणि त्याला सांगत राहिले: हाडं वेगाने वाढली, कातडी मागे पडली, आतले तंतू विरले. तुझ्या पणजीच्या पोटावर अशाच होत्या, माझ्या आहेत, तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या पाठीवर, मुलींच्या मांड्यांवर असतील. रंग उतरेल, रेघ राहील, दुखणार काही नाही. तो काही बोलला नाही. पण त्याची पाठ सैल झाली, आणि ते माझ्या हाताला कळलं.

रेघ कशामुळे आली हे समजणं कधीकधी निव्वळ धीरापेक्षा मोलाचं ठरतं. वाढीच्या रेघा निरुपद्रवी असतात, पण सगळ्याच रेघा वाढीच्या नसतात. १९३२ साली हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदाने ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यात शरीर कॉर्टिसोल बेसुमार तयार करतं. पोटावर रुंद, गडद जांभळ्या रेघा उमटतात, चेहरा गोल होतो, हातपाय मात्र बारीक होतात. दम्यासाठी, मूत्रपिंडाच्या विकारासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणाऱ्यांच्या अंगावरही तशाच रेघा येतात. त्या माणसांना हे आधी सांगायला हवं. आजाराशी झगडताना अंग ओळखू येईनासं होणं हे दुसरं दुखणं असतं. मनातल्या मनात ती माणसं औषधाला दोष देऊ लागतात, गोळ्या परस्पर बंद करतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसरा धोका आपल्या अगदी घरातला आहे. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी जांघेत गजकर्ण होतो. संकोचापायी डॉक्टरांकडे न जाता दुकानातून मलम आणलं जातं. अशा कित्येक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते महिनोन्‌महिने लावलं जातं. कातडी पातळ होते, जांघेत रुंद रेघा पडतात, आणि गजकर्णही हटत नाही. त्या रेघा पुसल्या जात नाहीत. चेहरा उजळायचं म्हणून हीच मलमं गालांवर लावणाऱ्या मुलीही आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीवर लावायच्या अनेक स्टिरॉइडना अनुसूची एचमध्ये आणलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तो नियम घराघरांत कळला पाहिजे. ज्या जागेबद्दल बोलायची लाज वाटते, तिथेच माणूस चुकीचं औषध जास्त दिवस लावतो.

आणि ज्यांना रेघा घालवायच्या आहेत, त्यांनाही सरळ उत्तर मिळायला हवं. तसं वाटण्यात काही कमीपणा नाही. रेघ लाल किंवा जांभळी असेपर्यंत उपायांचा गुण जास्त येतो; डॉक्टर ट्रेटिनॉइनसारखं मलम देतात, पण ते गरोदरपणात लावायचं नसतं. लेझर आहे, बारीक सुयांचे उपचार आहेत. त्यांनी रेघा फिक्या होतात, उथळ होतात. साफ नाहीशा होत नाहीत. सावळ्या कातडीवर लेझरने उलटे काळे डाग राहण्याचा धोका असतो, तेव्हा आपल्या रंगाच्या कातडीचा अनुभव असलेला त्वचारोगतज्ज्ञ शोधावा. वांगासाठी जायफळ उगाळून लावण्याआधी ऊन टाळावं. ऊन लागत राहिलं तर कोणताच लेप टिकत नाही.

मी आता पाळी गेलेल्या वयात आहे. या टप्प्यावर कातडी पुन्हा बदलते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं, असं सांगितलं जातं. हातांची कातडी पातळ होते आहे, शिरा वर येताहेत, जरा लागलं की काळंनिळं पडतं. पोटावरच्या रेघा मात्र आता इतक्या फिक्या आहेत की उजेड तिरपा पडला तरच दिसतात. आईच्या अंगाला मी रोज तेल लावते. तिची कातडी माझ्या बोटांखाली सरकते, तेव्हा पुढे माझं काय होणार आहे ते मला आधीच कळतं. मला त्याची भीती वाटत नाही. जे हाताखालून गेलं आहे, त्याचं भय कमी होतं.

माझ्या भाचीला आता सातवा महिना लागेल. तिच्या डोहाळजेवणाला मी हे सगळं बाहेरच्या खोलीत, सगळ्या बायकांसमोर आणि मुलींसमोर बोलणार आहे. पोट खाजेल, तळहात-तळपाय खाजले तर मात्र लगेच डॉक्टरांना सांग. रेघा येतील किंवा येणार नाहीत, ते तुझ्या हातात फारसं नाही. तेल हवं तर लाव, बरं वाटेल म्हणून लाव. बाळ झाल्यावरही पोट काही दिवस मोठंच राहील. केस तीन-चार महिन्यांनी गळतील, आणि पुन्हा येतील. आणि ज्या दिवशी आरशात परकं वाटेल, त्या दिवशी मला हाक मार, मी येऊन तेल लावीन. रेघ ठेवायची की घालवायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ती का आली, किती राहील आणि आणखी कुणाकुणाला आहे, हे न सांगता कुणालाही तिच्यासोबत एकटं सोडणं आपण थांबवलं पाहिजे. आणि हे काम घरात आधी तो बदल भोगलेल्या माणसाचंच आहे.